लागले का जर्दाळू?

साधनाताई जर्दाळूच्या बिया फोडायला बसल्या की खालच्या मजल्यावर माझ्या डोक्यात घण पडायचे. पितळी बत्ता, फरशी, मध्ये बी. ठण्ण. मग जरा शांतता, की परत ठण्ण. सिंगापूरमधल्या यिशुनच्या आमच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्याच्या आवाजावरून लोक हातघाईवर येतात, आणि माझा स्वभाव काही गरीब गाईचा नाही. तणतणत वर गेले. बाई स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, बत्ता हातात, आजूबाजूला टरफलांचा खच. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी एक गर माझ्या तळहातावर ठेवला.

"जरासं चावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका. कडू बी जॅममध्ये गेली की सगळं पातेलं बिघडतं."

भांडायला गेले होते, जॅमची बाटली घेऊन खाली आले. माझ्या बहुतेक ओळखी भांडणातूनच होतात, आणि त्याच टिकतात असा माझा अनुभव आहे.

साधनाताई मूळच्या नाशिकच्या, पण नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी अर्धं आयुष्य हिमाचलात, सोलनकडे गेलं. क्वार्टरच्या मागे जर्दाळूची झाडं होती. शेजारच्या पहाडी बाईने त्यांना फळ कधी उतरवायचं, साखरेत किती मुरवायचं, ते शिकवलं. नवरा गेल्यावर एकुलता एक मुलगा यशोधन त्यांना सिंगापूरला घेऊन आला. तो इथल्या एका बँकेत आयटीत होता, पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी झालेला. साधनाताईंचा इथे राहायचा लाँग टर्म पास त्याच्या भरवशावर. त्याने नको म्हटलं की बाईंनी विमानात बसायचं, इतकं ते साधं होतं.

आता सिंगापुरात जर्दाळू लावणं म्हणजे वेडेपणा. त्या झाडाला कडाक्याची थंडी बसल्याशिवाय फूल येत नाही, आणि आमच्याकडे थंडी मिळते ती फक्त मॉलमध्ये. पण साधनाताईंनी सुपरमार्केटच्या तुर्की जर्दाळवांच्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या. "बियांना थंडी दाखवावी लागते, मेधाताई, नाहीतर त्या उठतच नाहीत." एक उठली. तिची कुंडी कॉरिडॉरमध्ये चपलांच्या रॅकशेजारी आली, झाड कठड्याच्या वर गेलं, पानांनी भरलं. फुलाचा पत्ता नाही. मग बाई रोज सकाळी बुंध्याशी बर्फ घालायला लागल्या. शेजारच्या मॅडम गोह खालच्या कोपीटियममधून, म्हणजे कॉफीच्या दुकानातून, बर्फाची पिशवी आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "आंटी, युअर ट्री व्हेरी शाय, लाह."

आमच्या मराठी मंडळींना तर आयताच विषय मिळाला. गणपतीत, हळदीकुंकवात, लिफ्टमध्ये, भेटेल तो विचारायचा, "काय साधनाताई, लागले का जर्दाळू?" त्या हसून म्हणायच्या, "लागतील, लागतील." आणि विकतच्या जर्दाळवांचा जॅम सगळ्यांना वाटायच्या. केशरी, चकचकीत, आत एखाद्या गोड बीचा गर. फुकटचा जॅम खाऊन वर चेष्टा करणाऱ्यांची मला चीड यायची, पण जॅम मीही खातच होते.

यशोधनबद्दल लोक चांगलं बोलायचे. कार्यक्रमात खुर्च्या उचलणार, म्हाताऱ्यांना टॅक्सीपर्यंत सोडणार, आवाज कधी चढलेला नाही. त्याची बायको चैत्राली एक दिवस अचानक मेलबर्नला निघून गेली, तेव्हा सगळ्यांनी तिलाच नावं ठेवली. जायच्या आधी एकदा मी वर गेले, तेव्हा ती साधनाताईंच्या स्वयंपाकघरात, ओठ सुजलेला असताना त्यांना काहीतरी सांगत होती. मला बघून थांबली. साधनाताई पातेल्यातून नजर न काढता म्हणाल्या, "अगं, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच." चैत्रालीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती आत गेली. त्या आठवड्यातच तिने घर सोडलं.

त्यानंतर साधनाताईंच्या अंगावर खुणा दिसायला लागल्या.

मनगटाजवळ काळंनिळं. कानामागे ओरखडा. एकदा डावा डोळा असा सुजलेला की पापणी उघडत नव्हती. विचारलं की एकच उत्तर. "लागलं जरा." जॅम ढवळताना लागलं. कुंडी सरकवताना लागलं. कधी कधी मी डोळ्याबद्दल विचारायचे आणि त्या पातेल्याबद्दल सांगायच्या: "आज जॅम लागला हो बुडाला, घासता घासता दमले." वरून आवाज यायचे, पण मला वाटायचं, बत्ता आहे.

मी शनिवारी आमच्याच ब्लॉकच्या खालच्या खोलीत मुलांना मराठी शिकवते. 'लागणे' या क्रियापदाने माझ्या वर्गाला रडकुंडीला आणलेलं आहे. भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, दूध बुडाला लागतं, फोन लागतो, झाडाला फळ लागतं. वर्गातला धवल एकदा वैतागून म्हणाला, "टीचर, धिस वर्ड मीन एव्हरीथिंग, लाह." मी म्हटलं, "बरोबर आहे. म्हणून वाक्यात कर्ता शोधायचा. कोणी केलं, ते विचारायचं." मुलांना दटावून सांगितलेलं आपल्याच कानात राहतं, ते असं.

कारण एके दिवशी मी पोळीवर साधनाताईंचा जॅम घेऊन बसले होते आणि माझा घास तोंडातच राहिला. या बाईंचा जॅम दर आठवड्याला लागतो म्हणे. मग इतक्या बाटल्या माझ्या घरात आल्या, एकीलाही करपट वास का नाही? लागलेला जॅम वरून कितीही निवडा, तो वास जात नाही. कुठल्याही बाईला विचारा. या बाईचा जॅम आजवर एकदाही लागलेला नव्हता. लागत होतं ते दुसरंच.

बाटली रिकामी परत द्यायची नाही म्हणून तिच्यात चिवडा भरला आणि वर गेले. यशोधन घरात नव्हता. साधनाताई पातेल्याशी उभ्या, लांब दांड्याच्या लाकडी डावाने ढवळत होत्या. जॅम मोठ्या बुडबुड्यांनी फुटत होता, त्याचे चटके देणारे थेंब कट्ट्यावर उडत होते. त्यांच्या मानेवर बोटांच्या खुणा होत्या. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला.

"हे काय झालं?"

"लागलं जरा."

"साधनाताई, या वाक्यात कर्ता नाही."

त्यांनी डाव थांबवला नाही. ढवळतच म्हणाल्या, "तुमच्या वर्गातल्या मुलांना कर्ता सापडतो, मेधाताई. आम्हाला तो सांभाळावा लागतो. मुलगा आहे."

माझा पारा चढला. मी पोलिस म्हटलं, मारहाणीविरुद्धचा कोर्टाचा हुकूम म्हटलं, वाट्टेल ते म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी सहज, पाककृती सांगावी तसं सांगितलं, "सोलनला त्याच्या वडलांचाही हात चालायचा. बांबूची काठी होती. पण जॅम शिजत असला की ते स्वयंपाकघराच्या आत यायचे नाहीत. हा अंगावर उडाला की चिकटतो, सोडत नाही, कातडं घेऊनच निघतो. म्हणून मी सकाळी पातेलं चढवायचे ते संध्याकाळी उतरवायचे. यशोधन माझ्या मागे लपायचा, कट्टा आणि मी यांच्या मधल्या फटीत. आता त्याचीही तीच गत आहे. पातेलं चढलेलं असलं की तोही उंबऱ्याशीच थांबतो."

मला एकदम कळलं की या घरात एवढा जॅम का शिजतो. आम्ही सगळे जो गोड भेट म्हणून घेत होतो, तो एका बाईच्या जीव वाचवण्याच्या धडपडीतून उरलेला होता.

"आणि जर्दाळू संपले की?"

"संपू देत नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर पडले तर मॅडम गोह गजांच्या दाराआडून माझी वाट बघत होत्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, हातात झाडू. "आय हिअर," त्या म्हणाल्या. "एव्हरी टाइम आय हिअर. आय नॉक द वॉल, ही स्टॉप. नाऊ आय नॉक, ही डोंट स्टॉप." पोलिस त्यांनी दोनदा बोलावले होते. दोन्ही वेळा साधनाताईंनी दारात उभं राहून हसत सांगितलं, काही नाही, पडले, लागलं. त्यांच्या तोंडून कबुली येत नाही तोवर कोणी काय करणार? त्या बोलतील की आधी मरतील, एवढाच प्रश्न उरला होता, आणि मला दुसऱ्याचीच भीती वाटत होती.

यशोधनची नोकरी गेली तेव्हा परिस्थिती आणखी बिघडली. बँकेने अख्खा विभागच बंद केला. तो दिवसभर घरात. साधनाताई बाजारातून पेट्याच्या पेट्या आणू लागल्या, ताजे नसतील तेव्हा सुके जर्दाळू भिजवून शिजवू लागल्या. आमच्या मजल्यापर्यंत गोड वाफ यायची आणि मला घाम फुटायचा.

त्या शनिवारी वर्ग सुटला होता. यशोधन नेहमीसारखा खुर्च्या रचायला खाली आला होता. गोगलगाय नि पोटात पाय, असं मी मनात म्हणत होते आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात निशिकांत, म्हणजे आमच्या मंडळाचे स्वयंघोषित विनोदवीर, आपल्या मुलीला न्यायला आले. यशोधनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय रे, आईच्या झाडाला जर्दाळू लागत नाहीत आणि तुला नोकरी लागत नाही! घरातच काहीतरी दोष दिसतोय!"

दोन-तीन बाप हसले. यशोधनही हसला. हातातली खुर्ची त्याने अगदी हळू, आवाज न करता खाली ठेवली आणि लिफ्टकडे गेला. ते हळू ठेवणं बघून मला पुढचं कळलं. निशिकांतांना काय बोलले ते इथे लिहीत नाही, मुलं ऐकत होती तरी बोलले. मग मुलांची पुस्तकं पिशवीत कोंबली आणि जिन्याने धावले, कारण लिफ्ट वर गेली होती.

जिन्यात असतानाच पहिला आवाज आला. बत्त्याचा नव्हता. कुंडी फुटल्याचा होता.

मी पोचले तेव्हा कॉरिडॉरभर माती, खापऱ्या आणि बर्फ पडला होता. यशोधनने झाड मुळासकट उपटलं होतं. दोन्ही हातांनी खोड धरून तो घरात शिरला होता, आणि झाडाने आईला मारत होता. मुळांना मातीचे गोळे होते, ते भिंतीवर, कपाटावर, तिच्या पाठीवर आपटून फुटत होते. फांद्या तिच्या तोंडावर बसत होत्या. दर फटक्याला पानं झडत होती. तो ओरडत नव्हता. दात आवळून एकच बोलत होता, "हसतात. तुझ्यामुळे हसतात. हसतात."

साधनाताई डोक्यावर हात धरून स्वयंपाकघराकडे सरपटत गेल्या. पातेलं चढलेलं होतं. त्या कट्ट्याला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं की त्यांना आता वाचल्यासारखं वाटलं. जॅम रटरटत होता. तो उंबऱ्याशी थांबेल, अशी त्यांची खात्री होती.

तो थांबला नाही. उंबरा ओलांडून आत गेला आणि त्याने झाड आडवं फिरवलं. पातेलं उलटलं. उकळता जॅम साधनाताईंच्या खांद्यावरून कोपरापर्यंत आला आणि तिथेच चिकटला. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो मी माणसाच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. थोडा त्याच्या पायावरही पडला, तेव्हा मात्र तो ओरडला, "आई गं!" आणि आईच्याच अंगावर परत झाड उगारलं.

मी हिंसेच्या विरुद्ध आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. पुस्तकांची पिशवी दोन्ही हातांनी फिरवून मी त्याच्या कानशिलात घातली. दुसऱ्यांदा घातली. माझ्या मागून मॅडम गोह लोखंडी कढई घेऊन आल्या आणि त्यांनी ती त्याच्या पाठीत घातली. तो भेलकांडून खुर्चीवर पडला, आणि तिथे बसून लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्याची तेव्हा दया आली नाही, आजही येत नाही. साधनाताईंचा हात आम्ही नळाखाली धरला. पाणी केशरी वाहत होतं, मग लाल.

पोलिस आले तोवर त्याने डोळे पुसले होते. स्वच्छ इंग्रजीत तो त्यांना सांगत होता की आई जॅम करत होती, पातेलं सटकलं, ॲक्सिडेंट झाला, तो मदतीला धावला, हा बघा माझा पाय. माझ्याकडे आणि कढईकडे बोट दाखवून म्हणाला, या दोघी घरात घुसल्या. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना साधनाताई माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "त्याच्या पायाला काही लावलं का हो?" त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. फार आला.

हॉस्पिटलमध्ये हात बांधून झाल्यावर एक तरुण डॉक्टर आली, मागे एक पोलिसबाई. साधनाताईंचं इंग्रजी बाजारापुरतं, म्हणून मी दुभाषी. डॉक्टरने विचारलं, हे कसं झालं?

"लागलं," साधनाताई म्हणाल्या.

मी भाषांतर केलं नाही. डॉक्टर थांबली. साधनाताईंच्या केसांत जर्दाळूचं एक पान अडकलेलं होतं, ते मी काढलं आणि त्यांच्या चांगल्या हातात ठेवलं.

"तो आत आला, साधनाताई," मी म्हटलं. "पातेलं चढलेलं असताना आत आला. आता कशाच्या मागे उभ्या राहणार?"

त्या पानाकडे बघत राहिल्या. जिभेवर कडू बी आल्यावर करायच्या तसं तोंड त्यांनी केलं.

"मारलं," त्या म्हणाल्या.

"कोणी?"

"यशोधनने. यशोधनने मला मारलं. आज मारलं, रोज मारतो." मग माझी वाट न बघता, त्या पोलिसबाईकडे वळून, त्यांच्या बाजारापुरत्या इंग्रजीत, "माय सन. माय सन हिट मी."

पोलिसबाई लिहायला लागली. मला वाटलं, झालं, संपलं. मी त्यांच्या उशाशी खुर्ची ओढली. पण साधनाताईंचं संपलं नव्हतं.

"पुढे सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "त्याने चैत्रालीलाही मारलं. ते मी बघितलं. ती मला सांगायला आली आणि मी तिला भांड्याला भांडं म्हणाले. हेही सांगा. मी म्हणाले." आता त्यांना रडू फुटलं. हात भाजताना रडल्या नव्हत्या इतक्या रडल्या. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले, आणि प्रत्येक वाक्यात कर्ता होता.

पास राहील की जाईल, नाशिकला परतावं लागेल का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. पोलिसबाई गेल्यावर डोळे मिटून पडल्या. झोपल्या असं समजून मी उठणार, तेवढ्यात त्यांनी माझी ओढणी धरली.

"चैत्रालीचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

होता. जायच्या आधी तिनेच दिला होता.

"लावून द्या."

"आत्ता? अहो, बोलणं झेपणार नाही तुम्हाला."

"लावा."

मी नंबर लावला. स्पीकर चालू केला नाही, फोन माझ्याच कानाशी धरला. तिकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. साधनाताई उशीवरून मान उचलून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. इतकी वर्षं सगळं यिशुन त्यांना जे विचारत होतं, ते आज त्यांनी मला विचारलं.

"लागला का?"

पलीकडून चैत्रालीचा आवाज आला, "हॅलो? मेधाताई?"

"लागला," मी म्हटलं, आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.